लेकीला दूध चालत नाही: इंदुरात मिळणाऱ्या सोया, बदाम, ओट, नारळ दुधांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, कारण हे शोधणारे बहुतेक जण एका हाताने पोर धरून दुसऱ्या हाताने फोन चाळत असतात, त्यांना पाल्हाळ नको असतं. मूल दोन वर्षांच्या वरचं असेल, दुधाची अॅलर्जी डॉक्टरांनी तपासून नक्की केलेली असेल आणि सोया चालत असेल, तर साखर न घातलेलं आणि कॅल्शियम घातलेलं सोया घ्या. बदाम नाही, ओट नाही, नारळ तर नाहीच. त्या सगळ्यांचे आपापले उपयोग आहेत, ते पुढे सांगतो, पण पोराच्या रोजच्या दोन कपांची जागा भरून काढायची असेल तर आमच्या घरात सगळं आणून, पाजून, डब्यामागचे तक्ते वाचून सोयाच टिकलंय.

एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर माझा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही. तिथे हे कुठलंच पॅक आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युल्याऐवजी चालत नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर बहुतेक वेळा आईलाच दूधदुभतं बंद करायला सांगतात, नाहीतर प्रोटीन बारीक तोडलेला किंवा अमिनो अॅसिडचा खास फॉर्म्युला लिहून देतात, तो महाग असतो पण त्याला पर्याय नाही. एक ते दोनच्या मधल्या मुलांचंही डॉक्टर सांगतील तसंच करा.

आमची लेक चार वर्षांची आहे. दूध पोटात गेलं की काही मिनिटांत ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, मग उलटी. त्वचेवर टोचून करतात ती टेस्ट आणि रक्ताची टेस्ट दोन्ही झाल्या, दुधातल्या प्रोटीनची अॅलर्जी निघाली. ही गोष्ट घरातल्या मोठ्यांना समजवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणून इथे नीट लिहितो. दुधातल्या प्रोटीनचा साधारण ८० टक्के भाग केसिन आणि उरलेला व्हे, शरीर यालाच शत्रू समजतं. लॅक्टोज न पचणं हा वेगळाच प्रकार आहे, ती दुधातली साखर, ती पचवणारं एन्झाइम कमी पडलं की पोट फुगतं, जुलाब होतात, त्रास होतो पण जिवावर बेतत नाही. म्हणून दुकानात लॅक्टोज फ्री असं लिहिलेलं दूध मिळतं ते आपल्या मुलांच्या काहीही कामाचं नाही, त्यात केसिन आणि व्हे जसंच्या तसं असतं. दुकानदार मनापासून तेच काढून देतो, त्याला यातला फरक माहीत नसतो, आपल्याला असायला हवा.

मग शेळीचं दूध. रामबागेतल्या आमच्या काकू, आईच्या मैत्रिणी, सगळ्यांनी प्रेमाने सांगितलं की शेळीचं द्या, हलकं असतं, गांधीजी प्यायचे. कोणी ए-टू गाईचं सांगितलं. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रोटीनं गाईच्या दुधाशी इतकी जुळतात की गाईच्या दुधाची अॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तेही सोसत नाही, आणि ए-टू मध्ये केसिनचा एक प्रकार बदलतो, केसिन जात नाही. घरी ट्राय करून बघू, एक चमचाच तर आहे, असं करू नका. खरंच नका करू. एक चमच्यातही रिअॅक्शन येते, आणि श्वासावर आली तर हॉस्पिटल गाठेपर्यंतचा वेळ फार मोठा वाटतो.

त्यात आपलं इंदूर म्हणजे दुधातुपाचंच गाव. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात कढईत दूध आटत असतं, रबडी असते, बाफले तुपात बुडवून येतात, भुट्ट्याच्या किसात दूध असतं. शिकंजी म्हटलं की बाहेरगावच्या लोकांना लिंबूपाणी वाटतं पण इथली शिकंजी आटवलेल्या दुधाची, घट्ट, केशर-वेलचीची. पाहुण्यांना मुद्दाम सांगावं लागतं, कारण कोणी कौतुकाने लेकीला लिंबूपाणी समजून घोटभर पाजायचं.

आता पॅकांकडे येतो. कुठल्याही डब्याच्या पुढच्या बाजूला बघू नका, सरळ उलटा करा आणि १०० मिलीचा तक्ता शोधा. मी तीन ओळी बघतो: प्रोटीन, कॅल्शियम, अॅडेड शुगर. गाईच्या दुधात १०० मिलीला ३ ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि साधारण १२० मिग्रॅ कॅल्शियम असतं, मोजपट्टी हीच. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिग्रॅ कॅल्शियम आणि १६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं असं आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात आहे. म्हणजे १२० वाला पॅक असेल तर २०० मिलीच्या दोन कपांत जवळजवळ सगळं कॅल्शियम निघतं. तोच कप कॅल्शियम न घातलेल्या पॅकचा असेल तर पोर नुसतं पांढरं पाणी पितं आणि आपल्याला वाटतं दूध दिलं.

आणि हो, इथे दूध असा शब्द शोधत बसू नका. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमामुळे डब्यावर सोया बेवरेज, आल्मंड ड्रिंक असं काहीतरी लिहिलेलं असतं, अॅपवरही तसंच शोधा, नाहीतर सापडत नाही.

बदामापासून सुरुवात करतो कारण सगळ्यांचा जीव बदामावर असतो. आपल्या डोक्यात बदाम म्हणजे ताकद, बुद्धी, सकाळी भिजवलेले बदाम सोलून देणारी आजी. त्यामुळे बदामाचं दूध म्हटलं की घरात एकदम सगळे खूष होतात, आमच्याकडेही झाले. चव चांगली आहे, हलकी, थंड प्यायला छान, लेकीने पहिल्या दिवशी ग्लास संपवला. पण तक्ता वाचला तर प्रोटीन १०० मिलीला जेमतेम अर्धा ग्रॅम. हिशोब करून बघा, २०० मिलीच्या ग्लासात एक ग्रॅम प्रोटीन म्हणजे त्यात चार-पाच बदामच आहेत, बाकी पाणी आणि ते घट्ट दिसावं म्हणून घातलेले गम. लिटरमागे अडीचशेच्या आसपास रुपये मोजून चार-पाच बदामांचा ग्लास द्यायचा असेल तर त्यापेक्षा सियागंजातून चांगले बदाम आणून मुलाला भिजवून खायला घाला, बदामाची अॅलर्जी नसेल तर अर्थातच. लहान मुलांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात, कूट करून द्या.

घरी काढलेलं बदाम दूधही करून बघितलं. मूठभर बदाम रात्रभर भिजवून सोलून वाटून गाळलं तर पॅकपेक्षा कितीतरी दाट आणि खरोखर बदामाचं लागतं, सणासुदीला मसाला दूध करायला मी हेच वापरतो, कोजागिरीला लेकीसाठी वेगळ्या पातेल्यात हेच आटवलं, वेलची-जायफळ घालून, आणि गच्चीवर सगळ्यांबरोबर तिच्याही हातात कप होता. पण त्यात वरून घातलेलं कॅल्शियम नसतं, म्हणून रोजचं म्हणून नाही.

ओट. मोठ्यांसाठी मी ओटला पहिला नंबर देईन, चहात आणि कॉफीत सगळ्यात कमी फाटतं आणि चव दुधाच्या जवळ जाते. बायको स्वतः आता ओटवरच चहा पिते म्हणजे एकच पातेलं पुरतं. पण प्रोटीन एक ग्रॅमच्या आसपास आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ओट एन्झाइमने फोडतात तेव्हा त्याच्या स्टार्चची साखर होते, त्यामुळे नो अॅडेड शुगर लिहिलेलं असलं तरी गोड लागतं आणि मुलं त्या गोडीला पटकन सोकावतात. व्हाइट सॉस, सूप, पॅनकेक यासाठी मस्त. कपभर रोज पाजायला नको.

नारळाचं दूध पिण्यासाठी नाहीच, प्रोटीन नावाला, स्निग्ध भाग जास्त. पण स्वयंपाकात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे भुट्ट्याचा किस आता नारळाच्या दुधात होतो. मका किसून, जिरं-मोहरी-हिंगाची फोडणी तेलावर, किस चांगला परतून मग थोडं थोडं नारळाचं दूध घालत शिजवायचा, वरून कोथिंबीर, खोबरं, लिंबू, जिरावण (आपला इंदुरी मसाला). खोबरं तसंही वरून घालतातच त्यामुळे चव अजिबात परकी वाटत नाही, माझ्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली की आता सगळ्यांसाठी असाच करत जा, दोन वेगळे कशाला. खीर, शेवया, सोलकढी, सगळीकडे चालतं.

तांदळाचं दूध पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका. त्यात आर्सेनिक जास्त असू शकतं म्हणून ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे. पुढे जाऊ.

आता सोया. पॅकवाल्यात सोफिट, सो गुड अशी नावं इंदुरात दिसतात, कधी एक मिळतं कधी दुसरं, पलासिया आणि विजयनगरच्या मोठ्या दुकानांत आणि घरपोच अॅपवर. प्रोटीन १०० मिलीला ३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळ्यांत हेच दुधाच्या बरोबरीला येतं, बाकी कोणी जवळपासही नाही. कंपनी कुठलीही असो, नॅचरल किंवा अनस्वीटन्ड लिहिलेलंच घ्या आणि मागे कॅल्शियम, डी आणि बी-१२ घातलंय का ते बघा, एकाच कंपनीच्या एका फ्लेवरमध्ये घातलेलं असतं आणि दुसऱ्यात नसतं, म्हणून दर वेळी वाचा. व्हॅनिला आणि चॉकलेटवाल्यात साखर बरीच असते, रोजचे दोन कप धरले तर ती दिवसाला चांगलीच भरते. आणि पॅक दर वेळी जोरात हलवा. घातलेलं कॅल्शियम खाली बसतं, न हलवता ओतलं तर वरचं पाणीदार मूल पितं आणि कॅल्शियम खाली चिकटून कचऱ्यात जातं.

चवीचं खरं सांगतो, पहिल्या घोटाला कच्च्या शेंगेचा वास येतो. लेकीने तोंड फिरवलं होतं. आम्ही जबरदस्ती केली नाही, थोडं खजूर वाटून आणि चिमूट कोको घालून थंड दिलं, मग हळूहळू कोको कमी करत नेला, आता साधं पिते. कोमट करायचं तर मंद आचेवर, आणि गरम केलं की वर साय धरते, अगदी दुधासारखी, ती काढून दिली तरच आमची लेक पिते, काही मुलांना तीच आवडते. लिंबू किंवा आंबट फळ एकत्र केलं तर फाटतं, गुळानेही कधीकधी फाटतं, म्हणून गूळ घालायचा तर गॅस बंद करून जरा निवल्यावर.

पण मला मनापासून लिहायचंय ते घरच्या सोया दुधाबद्दल, कारण आपण राहतो कुठे? माळव्यात! पावसाळ्यात देवास, उज्जैन, धार कुठेही जा, दोन्ही बाजूंना सोयाबीनच सोयाबीन. आयसीएआरची (कृषी संशोधन परिषदेची) सोयाबीनवरची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे, १९८७ पासून. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आहे, म्हणजे किलोला ५३ च्या आसपास. किराण्यात निवडलेलं घेतलं तर थोडं जास्त पडतं. १०० ग्रॅम दाण्यांत पाऊण लिटर दूध निघतं. शेतातून बाहेर पडलेल्या सोयाबीनचं तेल आणि पेंड होते, आणि त्याच सोयाचं डबाबंद दूध लिटरला दीडशे-दोनशेने आपण घेतो. ज्या घरात पगार बेताचा आहे आणि मुलाला दूध चालत नाही, त्या घराला घरचं सोया दूध हा फार मोठा आधार आहे, आणि इंदुरात राहून हे माहीत नसणं मला फार लागतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सोयाबीन किराण्याच्या दुकानातून खाण्याचं म्हणून मागून घ्या. गावाकडून कोणी पेरणीचं उरलेलं बियाणं दिलं तर अजिबात वापरू नका, बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा त्याचा रंगही वेगळा दिसतो. दाणे निवडून रात्रभर भिजवायचे, सकाळी दुप्पट फुगतात. पाणी फेकून द्यायचं, हातावर चोळून सालं काढायची, पाण्यावर तरंगतात ती ओतून टाकायची. आता मुख्य गोष्ट, वाटायला उकळतं पाणी घ्यायचं. थंड पाण्यात वाटलं की दाण्यातलं लायपॉक्सिजनेस नावाचं एन्झाइम जागं होतं आणि तो जो शेंगेचा उग्र वास सगळ्यांना नकोसा होतो तो तिथेच तयार होतो. उकळत्या पाण्यात ते एन्झाइम मरतं, वास निम्म्याच्या वर जातो. मिक्सरच्या भांड्याचं झाकण मात्र सांभाळून, थोडं थोडं वाटा, वाफेने झाकण उडू शकतं. कोरड्या दाण्यांच्या सातपट पाणी धरा, मलमलच्या फडक्यातून पिळून गाळा आणि जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात चढवा. मोठ्या म्हणजे खरंच मोठ्या, कारण उकळायच्या आधीच फेस भसाभसा वर येतो आणि झालं असं वाटतं. झालेलं नसतं. गॅस बारीक करून, ढवळत, फेस बसल्यावर पुढे पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळू द्या. कच्च्या सोयात ट्रिप्सिन इन्हिबिटर असतं, ते प्रोटीन पचू देत नाही, पोट दुखतं, उलट्या होतात, ते उकळूनच जातं. खंडवा रोडच्या संस्थेने याचसाठी एनआरसी १२७ आणि एनआरसी १४२ अशा जाती काढल्यात, दोन्हींत या ट्रिप्सिन इन्हिबिटरचा मुख्य प्रकार (कुनिट्झ) नाही आणि १४२ मध्ये वासाला कारण असणाऱ्या एन्झाइमचा एक प्रकारही नाही. ते दाणे मिळाले तर घ्याच, पण उकळणं तरी सोडू नका.

गाळून उरलेला चोथा थालीपिठात घाला, भाजणीबरोबर छान मिळून येतो, भाजीच्या कटलेटमध्येही. दूध फ्रिजमध्ये दोन दिवस, तिसऱ्या दिवशी वास बदलतो.

घरच्या दुधात प्रोटीन भरपूर पण कॅल्शियम कमी, पॅकच्या फार तर पाव हिस्सा. म्हणून आमच्याकडे एक कप पॅकचा आणि एक कप घरचा असं ठरलंय, आणि कॅल्शियमची बाकीची सोय नाचणीची (१०० ग्रॅमला साधारण ३५० मिग्रॅ), सालासकट तिळाची (त्यात हजारच्या आसपास), राजगिऱ्याची. तिळाचीही अॅलर्जी असू शकते, तेवढं बघून. तीळगुळाचे लाडू संक्रांतीपुरते नाहीत आमच्या घरात, बाराही महिने डबा भरलेला असतो.

बी-१२ कडे लक्ष द्या, हे मी ठासून सांगतो. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ येतं ते दूध-दह्यातूनच, आमच्याकडे अंडंही होत नाही, मग दूध गेलं की बी-१२ चा दरवाजाच बंद. घरच्या सोया दुधात ते नसतं, नाचणीत नसतं, कुठल्याच भाजीत नसतं. डॉक्टरांशी बोलून सिरप किंवा थेंब चालू करा, व्हिटॅमिन डी चंही विचारा.

आणखी एक प्रश्न मला सारखा येतो, मुलीला सोया देता, हार्मोनचं काही होणार नाही ना? मलाही हीच काळजी होती आणि मी आमच्या बालरोगतज्ज्ञांना अगदी सरळ विचारलं. सोयात आयसोफ्लेवोन असतात, त्यांची रचना इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती आहे पण परिणाम खूप कमकुवत, आणि अन्न म्हणून दिवसाला एक-दोन कप घेणाऱ्या मुलांत नुकसान दिसलेलं नाही. त्यांनी दोन कपांपर्यंत निश्चिंतपणे द्या म्हटलं. मात्र दुधाची अॅलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही चालत नाही, म्हणून सुरुवात विचारून आणि सकाळच्या वेळी, दवाखाना उघडा असताना.

दह्याचं बरेच जण विचारतात. सोया दुधाचं किंवा शेंगदाण्याच्या दुधाचं दही लागतं, पण विरजण साध्या दह्याचं घ्यायचं नाही, त्यात दूध आलंच. कोमट दुधात चार-पाच हिरव्या मिरच्यांचे देठ बुडवून उबेत ठेवायचे, सात-आठ तासांनी थोडं सैल पण दही लागतं, देठ काढून टाकायचे. त्याचंच विरजण पुढे वापरलं की दुसऱ्या वेळी घट्ट येतं. कढी छान होते, दहीपोहेही.

सोया पनीर इंदुरात सगळीकडे मिळतं, पण एक सावधगिरी. बऱ्याच डेअऱ्यांत ते साध्या पनीरच्या शेजारीच ठेवलेलं असतं, त्याच सुरीने कापतात, त्याच काट्यावर तोलतात. एका डेअरीतून आणलेल्या सोया पनीरने लेकीच्या अंगावर गांधी उठल्या, औषधाने उतरल्या देवकृपेने. तेव्हापासून बंद पाकीटच आणतो, किंवा घरच्या सोया दुधात लिंबू पिळून घरीच करतो.

हीच गोष्ट बाहेरच्या कॉफीची. एका कॅफेत बदाम दुधाचे वेगळे पैसे घेतले आणि माझ्या डोळ्यांसमोर त्याच जगमध्ये फेसाळलं ज्यात आधीच्या माणसाचं दूध होतं. मी हात जोडून म्हटलं की भैया, हे आवडीचं नाही, अॅलर्जीचं आहे, तर तो मुलगा बिचारा घाबरला, त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मालकाने सांगायला हवं होतं, मेनूवर डेअरी फ्री लिहिता तर जग वेगळा हवा. छप्पन दुकान या खाऊगल्लीत आम्ही लेकीला घेऊन जातो, का नाही जायचं, पण तिथे खोपरा पॅटिससारखं तेलातलं काही घेतानाही आत काय आहे, तेल कुठलं, आधी कशात तळलं हे विचारूनच. सकाळी पोहे-सेव बहुतेक ठिकाणी निर्धास्त, जलेबीचं विचारा, घोळात दही असतं आणि कित्येक ठिकाणी ती तुपात तळतात.

लेबलचं शेवटचं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध-तूप सगळं बसतं, त्यावर विसंबू नका. व्हेगनचा वेगळा लोगो आहे, हिरवा व्ही आणि त्यावर पान, पण तोही सामग्रीबद्दल सांगतो, त्याच मशीनवर दुधाचं काही बनतं का याची खात्री देत नाही, त्यासाठी खाली कंटेन्स मिल्क किंवा मे कंटेन मिल्क ही ओळ शोधा. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिनेट ही सगळी दूधच. नॉन डेअरी क्रीमर लिहिलेल्या पावडरमध्येसुद्धा बऱ्याचदा सोडियम केसिनेट असतं. बिस्किटं, ब्रेड, चिप्सचा मसाला, सगळं उलटं करून वाचायची सवय लावा, आता आमच्या लेकीलाही आहे, कोणी काही दिलं की डबा उलटा करून आमच्याकडे आणते, वाचता येत नाही तरी.

पुष्कळ मुलांची ही अॅलर्जी वाढत्या वयात जाते, कोणाची शाळेत जायच्या आधी, कोणाची नंतर. आमच्या डॉक्टरांनी ठरावीक काळाने टेस्ट करायला सांगितलंय, आणि बिस्किटात भाजलेल्या दुधापासून वर चढत जायची पद्धत असते तीही त्यांच्याच देखरेखीखाली, घरी नाही.

सध्या आम्ही एक लिटरचे अनस्वीटन्ड सोया पॅक एकदम बारा मागवतो, सुट्यापेक्षा स्वस्त पडतात आणि न उघडता बाहेर टिकतात. उघडला की फ्रिजमध्ये, झाकणावर तारीख लिहून, चार दिवसांत संपवायचा.